छत्रीबागेची आठ प्रश्नचिन्हे

इंदूरच्या होळकरांच्या छत्र्यांवर लेख लिहिला, घरच्या संगणकावरच्या सर्व्हरवर संकेतस्थळ बसवले आणि पानावर 'छत्रीबाग'ऐवजी ???????? उमटले, की लोक फाँटला दोष देतात. फाँट नसता तर चौकोन दिसले असते. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्येही प्रश्नचिन्हेच दिसली तर अक्षरे साठवतानाच गेली, ती परत येत नाहीत. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता, क्रमवारी तर चक्क स्वीडिश! म्हणून डेटाबेस, तक्ते आणि जोडणी तिन्ही यूटीएफ-८-एमबी-४ करा. एक मराठी ओळ साठवून वाचून पाहा, मगच लेख चढवा. छत्रीबाग असो वा म्हार्दोळ, दोष मराठीचा नसतो. संगणकाला आपली भाषा आधी सांगावी लागते, एवढेच.