हातच्या भेटीचे मोल

डिसेंबर महिना उजाडला की बाजारपेठा तारे, घंटा आणि लाल टोप्यांनी सजतात. त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठराविक सल्लाही वाचावयास मिळतो : यंदा नाताळच्या भेटी घरीच तयार करा, म्हणजे खर्च वाचेल. सल्ला सद्हेतूने दिलेला असतो. परंतु त्यामागील हिशोब अपुरा आहे. हाताने केलेली भेट स्वस्त नसते. तिची किंमत रुपयांत कमी आणि तासांत अधिक मोजावी लागते. लहान मुले, दोन नोकऱ्या आणि घराचे हप्ते सांभाळणाऱ्या तरुण कुटुंबाला तर रुपयांइतकीच तासांचीही चणचण असते. म्हणून सणाचे अंदाजपत्रक मांडताना पैशांच्या रकान्याशेजारी वेळेचा रकानाही आखला पाहिजे. तो कोरा राहिला, तर त्यातील सारा खर्च घरातील एकाच व्यक्तीच्या नावे पडतो, आणि ती व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते.

या दृष्टीने वसईचे उदाहरण बोलके आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, या परिसरावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या काळात रुजलेला येथील ख्रिस्ती समाज आजही सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली बोलतो आणि चर्चमधील उपासनाही मराठीतून करतो. केळी, भाजीपाला आणि फुले पिकविणाऱ्या या वाड्यांतून नाताळची तयारी पूर्वी अवघे कुटुंब करीत असे. करंज्या लाटायला आजी, आई, काकू, आत्या असत. घराबाहेर गोठा उभारायला काका आणि थोरली भावंडे असत. दिवाळीचा फराळ जसा शेजारच्या घरातून येई, तसाच नाताळचा फराळ ताटात भरून, वर रुमाल झाकून शेजारी जाई.

आज त्याच गावांतील तिशीतील एखादे जोडपे सकाळच्या गाडीने मुंबईला जाते. जायला तासाभराहून अधिक, यायला तेवढाच वेळ. मुले पाळणाघरात किंवा आजीपाशी. एवढ्या धावपळीतही सण तसाच व्हावा अशी सर्वांची अपेक्षा असते. सण तोच राहिला, हात मात्र आठाचे दोन झाले. अशा घरापुढे साहजिकच दोन वाटा उरतात. एक तर सारे विकत आणायचे आणि मनात रुखरुख बाळगायची, नाही तर रात्री जागून सारे घरी करायचे आणि सणाच्या दिवशी थकून बसायचे. तिसरी वाटही आहे. तिचा विचार येथे अभिप्रेत आहे.

वेळेची ही टंचाई आजचीच आहे असेही नाही. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल या कार्यमग्न गृहस्थाला नाताळनिमित्त आलेल्या पत्रांना उत्तरे लिहिण्यास सवड मिळेना. त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या एक हजार प्रती छापल्या आणि त्या पाठविल्या. उरलेल्या प्रती एक शिलिंगाला एक याप्रमाणे विकल्या गेल्या. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र म्हणून तिची नोंद आहे. म्हणजे शुभेच्छापत्रांचा सारा व्यवसाय हस्तलिखित पत्राला वेळ न मिळाल्यातून उभा राहिला. त्यात काही गैर घडले असे नव्हे. छापील पत्राने अनेकांची सोय केली. मात्र सोय आणि भेट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे विसरले गेले.

भेटवस्तूंच्या बाजाराविषयी अर्थशास्त्रानेही एक तिखट निष्कर्ष काढलेला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात विद्यार्थ्यांना विचारले होते की, नाताळात मिळालेली वस्तू तुम्हाला स्वतः घ्यावी लागली असती, तर तिच्यासाठी तुम्ही किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून असे दिसले की, देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेपैकी दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचे मोल घेणाऱ्याच्या लेखी उरतच नाही. शंभर रुपयांची भेट घेणाऱ्याला सदुसष्ट ते नव्वद रुपयांचीच वाटते. परंतु या प्रश्नात एक अट होती : भेटीशी जडलेले भावनिक मूल्य वगळून उत्तर द्यावयाचे होते. जे वगळले, तेच हाताने केलेल्या भेटीचे खरे भांडवल असते. शोधनिबंधाचा निष्कर्ष उलट बाजूने वाचला तर असे म्हणता येईल की, ज्या भेटीत देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची ओळख दिसत नाही, तिच्यातील तूट सर्वांत मोठी असते.

मग हाताने काय करावे? येथे जुन्या परंपरा मार्गदर्शक ठरतात. जर्मनीतील नीस्की गावच्या मोरेव्हियन पंथीय शाळेत १८३० च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून विद्यार्थी कागदाचे अनेक टोकांचे तारे तयार करू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच तारे जवळच्या हर्नहुट गावी कारखान्यात होऊ लागले आणि जगभर पोहोचले. आज दुकानातून घेतलेल्या ताऱ्याच्या मुळाशीही अशी एखादी शाळकरी कृती असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जाड कागद, डिंक आणि पट्टी दिली तर एका रविवारी तारा तयार होतो. तो बाजारातल्याइतका सुबक नसेल. पण तो कोणी केला हे दरवाजावर टांगल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगता येते, आणि मुलाला तेच हवे असते.

मोठ्यांसाठी याहून मोलाची एक भेट सुचविता येईल. आजीच्या तोंडून फराळाची मापे, कृती आणि त्यांचे तिच्या बोलीतील शब्द नातवंडांनी एका वहीत लिहून घ्यावेत आणि ती वही पुढील नाताळात आत्याला, मावशीला, परगावी गेलेल्या काकांना प्रत काढून द्यावी. वसईकडच्या सामवेदी, वाडवळी बोली आता नव्या पिढीच्या ओठांवर कमी येतात. एखाद्या भांड्याचे, एखाद्या पदार्थाचे नाव आजीबरोबर हरवले की ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. या भेटीला साहित्याचा खर्च चाळीस-पन्नास रुपये येईल. मात्र तिला चार रविवार लागतील. आगमनकाळाचे चार रविवार नाताळापूर्वी असतातच. तयारीचे ते दिवस अशा कामी लावणे त्या काळाच्या अर्थाशीही सुसंगत आहे.

आता त्या दुसऱ्या रकान्याकडे वळावे लागेल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीतही हे अंतर फारसे मिटलेले नाही. सण आला की या पाच तासांत आणखी भर पडते. ‘घरचेच चांगले’ हे वाक्य उच्चारणारा आणि घरचे करणारा हात जर वेगवेगळा असेल, तर त्या परंपरेचा गौरव करण्यात अर्थ नाही. परंपरा जपण्याचा आग्रह जो धरतो, त्याने तिच्यासाठी वेळही दिला पाहिजे, हा साधा न्याय आहे.

सुदैवाने नाताळच्या जुन्या पदार्थांची रचनाच सामुदायिक श्रमाची आहे. कलकल घ्या. मैद्याच्या कणकेची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून वळवायची, तिचा शंख करायचा, मग तळून साखरेत घोळायचा. एका माणसाने दोन किलोचे कलकल करायचे म्हटले तर कंबर मोडते. पण टेबलाभोवती पाचजण बसले तर गप्पांच्या ओघात काम संपते. वडिलांनी तळणीशी उभे राहावे, मुलांनी शंख वळावेत, आजोबांनी डबे भरावेत. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचे जे ताट शेजारी पाठविले जाते त्याला कुस्वाद म्हणतात. मंगळूरकडे त्याचेच कुस्वार होते. ही ताटे कोण्या एका गृहिणीने एकटीने भरावीत अशी मुळात कल्पनाच नव्हती. एकत्र कुटुंब गेले तरी दोन कुटुंबांनी मिळून एक शनिवार ठरविता येतो. तेही जमत नसेल तर एकच पदार्थ घरी करावा आणि केक बिनदिक्कत बेकरीतून आणावा. तलश्शेरी येथे मम्बळ्ळी बापू यांच्या बेकरीत १८८३ मध्ये मर्डोक ब्राऊन या मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक भाजला गेला, अशी नोंद आहे. बेकरीचा केक हीदेखील या देशात सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. तिच्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सहलींच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. सुट्टीत मुलांना घेऊन मॉलमध्ये जाणे सोपे असते. तेथे सजावट भव्य असते, गारवा असतो. परंतु मुले तेथे केवळ प्रेक्षक आणि ग्राहक असतात. याउलट वसईत नाताळच्या दिवसांत गावोगावी गोठे उभारले जातात. येशूजन्माच्या देखाव्याबरोबर पाणी, पर्यावरण, शेती अशा विषयांवरील देखावेही त्यांत असतात. पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल अशी गावे पायी वा दुचाकीवरून फिरून पाहण्याजोगी असतात, आणि प्रत्येक ठिकाणी गोठा करणारी मुले स्वतःच माहिती देण्यास उभी असतात. संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ मध्ये खराखुरा बैल आणि गाढव आणून जो देखावा मांडला, त्याची ही आठशे वर्षांनंतरची रूपे होत. गोव्यात आणि मंगळूरकडे मुले आधी काही दिवस नाचणी किंवा गहू पेरून गोठ्यासाठी हिरवळ उगवितात. मूठभर धान्यात मुलांना जी आठ-दहा दिवसांची उत्सुकता लाभते, ती तिकीट काढून मिळत नाही.

शिवाय सारी धावपळ २४ आणि २५ डिसेंबरला कोंबण्याचीही गरज नाही. नाताळचा काळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मानण्याची रीत आहे. मध्यरात्रीची उपासना २४ ला, नातलगांकडे जाणे २५ ला, गोठ्यांची सहल त्यानंतरच्या रविवारी आणि लांबच्या आजोळची भेट नववर्षात, अशी विभागणी केली तर नोकरदार पालकांना सण पेलवतो. पूर्वजांनी सणाला बारा दिवस दिले. त्याचे दोन दिवस घाईगर्दीनेच केले.

राहता राहिला पैशांचा रकाना. भेटवस्तू विकत घेऊच नयेत, असे येथे सुचवावयाचे नाही. मुलीला सायकल हवी असेल तर ती कागदाची करून चालणार नाही. मात्र पैसे कोणत्या क्रमाने भरले जातात, याला महत्त्व आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल ट्रस्ट कंपनीने १९०९ मध्ये ‘ख्रिसमस क्लब’ हे बचत खाते सुरू केले. ग्राहकांनी वर्षभर थोडे थोडे भरायचे आणि डिसेंबरच्या आरंभी रक्कम हाती घ्यायची. आपल्याकडील आवर्ती ठेव हेच काम करते. दरमहा १,००० रुपये भरल्यास साडेसहा टक्के दराने वर्षाअखेर १२,००० रुपयांवर सुमारे सव्वाचारशे रुपये व्याज मिळते. हीच १२,००० रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डावर करून, दरमहा तीन टक्के व्याजाने बारा हप्त्यांत फेडली, तर सुमारे अडीच हजार रुपये व्याज द्यावे लागते. दोन्हीकडे हप्ते बाराच. एक कुटुंब ते सणाआधी भरते, दुसरे सणानंतर. तफावत जवळजवळ तीन हजारांची, म्हणजे मुलांच्या दोन-चार चांगल्या पुस्तकांसह घरातील सर्व फराळाची.

बचत कोठे करावी, हाही प्रश्न गौण नाही. ब्रिटनमध्ये नाताळसाठी वर्षभर हप्ते गोळा करणारी फेअरपॅक ही कंपनी ऑक्टोबर २००६ मध्ये बुडाली आणि सुमारे दीड लाख ग्राहकांचा नाताळ तोंडावर आला असताना पैसा अडकला. ही बँक ठेव नव्हती, त्यामुळे ठेवीचे संरक्षणही नव्हते. भारतात ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. परिचितांच्या भिशीत किंवा दुकानदाराच्या योजनेत ते मिळत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक आक्षेप उरतो. शेजारच्या मुलाला महागडे खेळणे मिळाले असता आपल्या मुलाच्या हाती कागदी तारा दिला, तर तो हिरमुसणार नाही का? पहिल्या वर्षी कदाचित हिरमुसेल. मुलांना तुलना कळते. परंतु त्यांना पुनरावृत्तीही तितकीच आवडते. मागल्या वर्षी ज्या दिवशी कलकल केले, त्याच दिवशी याही वर्षी करायचे. गोठ्यातले जे गाढव मोडले होते, ते पुन्हा चिकटवायचे. आजीच्या वहीत एक नवी कृती वाढवायची. तिसऱ्या वर्षी मूल स्वतःच आठवण करून देऊ लागते. ज्या दिवशी आठवण करून देण्याचे काम पालकांकडून मुलांकडे जाते, त्या दिवशी त्या घरात परंपरा रुजली असे समजावे.

तेव्हा तरुण कुटुंबाने नाताळसाठी तीन गोष्टी ठरवाव्यात : सर्वांनी मिळून करायचा एक पदार्थ, सर्वांनी मिळून करायची एक भेट आणि सर्वांनी मिळून करायची एक सहल. बाकीचे विकत आणावे किंवा सोडून द्यावे, आणि त्याबद्दल खंत करू नये. नोव्हेंबरच्या एखाद्या संध्याकाळी पती-पत्नींनी दिनदर्शिका पुढे घेऊन कोणता रविवार कोणत्या कामाला आणि ते काम कोणाचे, एवढे लिहून ठेवले तरी वेळेचा रकाना भरला जातो. मग २४ डिसेंबरच्या रात्री मध्यरात्रीच्या उपासनेला निघताना घरातील स्त्रीही इतरांइतकीच ताजीतवानी असेल, आणि सण तिचाही होईल.