छायाचित्रातला राणीछाप रुपया

दिवाळीत वहीपूजनाच्या तबकात चांदीचे जुने रुपये मांडण्याची रीत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अनेक व्यापारी घरांनी आजही जपली आहे. कुंकवाची बोटे लागलेले राणीछाप, पंचम जॉर्जचे, क्वचित बोडक्या डोक्याच्या सातव्या एडवर्डचे हे रुपये पूजेनंतर पुन्हा थैलीत जातात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांत एखाद्याची भर घालावी असे वाटले, तर पूर्वी घरातले वडीलधारे ओळखीच्या सराफाकडे जात, रुपया बोटाच्या टोकावर तोलून नखाने वाजवीत, काट्यावर ठेवीत आणि मगच पैसे मोजीत. आता ही खरेदी मोबाइलवर होते. रात्री दुकानाचे शटर ओढल्यावर, किंवा बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर ऑनलाइन लिलावाचे पान उघडते. ‘शेवटची चार मिनिटे’ असा लाल आकडा धावू लागतो आणि ज्या हाताने दिवसभर कापडाच्या ठाणातला एकेक डाग शोधून माल परत केला, तोच हात न पाहिलेल्या नाण्यावर बोली लावतो.

या लिलावांत सर्वांत जास्त विकली जाते ती ‘दुर्मीळ’ ही एक विशेषणाची पट्टी. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल दिसले की ‘दीडशे वर्षांहून जुने, अतिदुर्मीळ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. वस्तुस्थिती अशी की, १८६२ हे साल ठशावर तसेच गोठवून टाकसाळींनी १८७४ पर्यंत रुपये पाडले. त्यामुळे या सालाचे रुपये अमाप आहेत. त्यांतील ठिपक्यांच्या मांडणीवरून अभ्यासक प्रकार ओळखतात आणि त्यांतले काही प्रकार खरोखर कमी आढळतात. पण सरसकट १८६२ चा रुपया म्हणजे चांदीचा भाव आणि वर थोडे काही, एवढेच. १८४० चीही गोष्ट अशीच. तेही साल बरीच वर्षे ठशावर राहिले. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काल आहे. त्या काळात पश्चिम भारतात चालणारी गधैया नाणी जवळपास हजार वर्षांची असूनही आज विपुल मिळतात. जुनेपण आणि दुर्मीळपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नाण्यांचा बाजार दुसरीलाच पैसे देतो. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गोदामात पंधरा वर्षे पडून राहिलेला माल केवळ जुना झाला म्हणून महाग होत नाही.

नाण्याची पारख ही एके काळी जैन समाजाची ओळखीची विद्या होती. दिल्लीच्या सुलतानी टाकसाळीत काम केलेला ठक्कुर फेरू हा श्रीमाल जैन. अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी त्याने सेवा केली आणि टाकसाळीतील प्रत्यक्ष अनुभवावर १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. तो त्याने आपल्या भावासाठी व मुलासाठी लिहिला, हे विशेष. निरनिराळ्या राज्यांच्या सुमारे २६० नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्या-चांदीचे प्रमाण आणि विनिमयाचे मोल त्यात नोंदलेले आहे. मध्ययुगीन भारतात केवळ नाण्यांवर लिहिलेला असा दुसरा ग्रंथ आढळत नाही. ही पोथी अगरचंद व भंवरलाल नाहटा या विद्वानांनी प्रकाशात आणली. पारेख, नाणावटी ही आडनावे याच धंद्याची खूण सांगतात; मराठी मुलखातला पोतदारही सरकारी भरण्यातील नाणे पारखूनच घेत असे. फेरूच्या ग्रंथात भर आहे तो वजन, धातू आणि मोल यांवर. ऑनलाइन लिलावात नेमके हेच तिन्ही खरेदीदाराच्या हाताबाहेर जातात आणि उरते ते चित्र.

चित्रात नकली नाणे अस्सलापेक्षा देखणे दिसते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत डाय बनविणारे, प्रेस चालविणारे लोक घरोघरी ओळखीचे आहेत. त्यांना विचारले तर ठसा कापून चकतीवर दाबणे किती सोपे झाले आहे, हे ते दोन मिनिटांत सांगतील. नकली नाणी दोन प्रकारे होतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेला सांध्याची रेघ कधी घासलेली दिसते. ठशाने दाबलेले नकली नाणे ओळखणे अधिक अवघड. तेथे वजनच कामी येते. ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि १९४० पूर्वीच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी. झिजलेला रुपया थोडा कमी भरेल. पण दहा ग्रॅमचा किंवा साडेबाराचा रुपया असेल, तर तो सराफाच्या दुकानात एका नजरेत उघडा पडतो. म्हणून ज्या जाहिरातीत वजन, व्यास आणि नाण्याच्या कडेचे छायाचित्र नाही, तेथे ते मागावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

काही नाणी तर नकली करणाऱ्यांची लाडकी आहेत. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच इतर सालाच्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून ‘१९३९’ केलेले नग फिरतात. भिंगाखाली तो आकडा शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. मोबाइलच्या छायाचित्रात मात्र सहज जुळतो. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई मराठी घरात श्रद्धेचा विषय. पण नवी शिवराई रसायनात बुडवून काळवंडविणे कठीण नाही. शिवकालीन सोन्याचा होन तर इतका विरळा, की तो काही हजारांत लिलावाला निघाला म्हणजे ती प्रतिकृती आहे हे निराळे सांगायला नको. प्रतिकृती आठवण म्हणून घेण्यात काही गैर नाही. ती अस्सल म्हणून विकणे गैर आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, वन आना’ असे लिहून पाठीमागे रामदरबार किंवा हनुमान असलेले तांब्याचे तुकडे हाही असाच प्रकार. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. तरीही त्यांवर बोली लागते, कारण पाहणारा नाणे पाहत नाही, मूर्ती पाहतो.

जैन घरांच्या भावनेलाही या बाजारात दर लावलेला आहे. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये काढलेले ५ रुपयांचे नाणे ‘संग्राह्य, शुभ, मोजकीच शिल्लक’ अशा शब्दांत चढ्या भावाला मांडले जाते. ते नाणे चलनासाठीच पाडले होते. अनेकांच्या गल्ल्यातून ते गेलेले आहे. २५५० व्या निर्वाण महोत्सवात २१ एप्रिल २०२४ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक नाणे प्रकाशित झाले. अशी स्मारक नाणी सरकारी टाकसाळ आपल्या संकेतस्थळावर नोंदणी घेऊन जाहीर किमतीला विकते. नोंदणीची मुदत संपल्यावर भाव चढतो हे खरे. पण टाकसाळीची मूळ किंमत काय होती, हे पाहून मग पुढच्या विक्रेत्याशी बोलणे बरे. देवघरात ठेवायचे नाणे आणि गुंतवणूक म्हणून ठेवायचे नाणे यांचा हिशेब घरात आधी वेगळा केला, तर निम्मे नुकसान टळते. पूजेचा रुपया चिंच-मिठाने घासून लख्ख करावा, त्यात दोष नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र घासलेल्या नाण्याचे मोल लगेच उतरते, आणि लिलावातील कित्येक ‘चकचकीत’ नाणी अशीच घासलेली असतात.

बोली लावणे हे जैन समाजाला नवे नाही. पर्युषणात स्वप्ने उतरविण्याच्या, आरतीच्या उछामणीत आकडा चढत जातो, तेव्हा समोर कोण बोलत आहे हे साऱ्या सभेला दिसते आणि बोललेला पैसा देवद्रव्यात जातो. ऑनलाइन लिलावात समोरचा बोलीदार म्हणजे दोन अक्षरे आणि काही तारका. तो खरा ग्राहक आहे, की विक्रेत्याचाच दुसऱ्या नावाने बसलेला भाऊबंद, हे कळण्याचा मार्ग नाही. ठरावीक विक्रेत्याच्या मालावर तेच टोपणनाव वारंवार बोली चढविते आणि जिंकत मात्र कधीच नाही, असे दिसले तर तेथून उठावे. आपली कमाल मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवणे आणि शेवटच्या मिनिटाला ती न ओलांडणे, एवढेच खरेदीदाराच्या हातात असते. त्या मर्यादेत पुढचा खर्चही धरावा लागतो. समजा बोली २०,००० रुपयांवर थांबली आणि लिलावगृहाचे कमिशन १५ टक्के आहे. तर ३,००० रुपये तेथेच वाढले. त्यावर वस्तू व सेवा कर, टपाल, विमा, आणि माल परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क. घाऊक बाजारात हमाली-तोलाई विचारल्याशिवाय सौदा न करणारी माणसे येथे नियमांचे पान न वाचताच ‘मान्य’ वर बोट ठेवतात, याचे आश्चर्य वाटते.

उलट्या दिशेची फसवणूक याहून क्रूर आहे. गेंड्याचे चित्र असलेले २५ पैसे, किंवा माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे ५ रुपये कोणी लाखोंना विकत घेत आहे, अशी जाहिरात येते. घरातल्या आजींच्या डब्यात ते नाणे असतेच. मग समोरचा ‘खरेदीदार’ आधी नोंदणी शुल्क मागतो, मग कर, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे शिक्का मारलेले पत्र पाठवून परवान्याचे पैसे. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेची ओढ लावून उकळली जाते. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले की, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. घरातील ज्येष्ठांना हे पत्रक मोठ्याने वाचून दाखवावे. फसलेली ज्येष्ठ मंडळी बहुधा संकोचापायी मुलांना सांगत नाहीत, आणि त्या मौनात दुसरा व तिसरा हप्ता जातो.

कायद्याची एक बाजू व्यापारी घरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते. तिचा विक्रीव्यवसाय परवान्याविना करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला बंदी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाला आजोबांची शिवराई किंवा राणीछाप रुपया भेट म्हणून पाठविण्याआधी हे लक्षात घ्यावे. ‘शेतात सापडलेला हंडा’ अशी कहाणी जोडून नाणी विकणाऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. जमिनीत सापडलेले गुप्तधन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कहाणी खोटी असेल तर नाणे खोटे, आणि खरी असेल तर सौदाच बेकायदा.

इतके पाहूनही घ्यायचे ठरले, तर विक्रेत्याचे नाव, पत्ता व परतीची अट आधी लेखी घ्यावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच संबंधित कंपनीने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. पण व्यवहार संकेतस्थळाबाहेर, परस्पर यूपीआयवर झाला तर हे संरक्षण हातचे जाते. ‘बाहेर द्या, दहा टक्के कमी करतो’ हे वाक्य म्हणूनच महाग पडते. पार्सल उघडताना चित्रण करावे, आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी नाणे बाजारातल्या सराफाच्या काट्यावर ठेवावे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद प्लास्टिक पेटीत नाणे आले, तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, कारण पेट्याही नकली निघतात. फसवणूक ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे गोठविता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यानंतर परिसरातील पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

ज्यांना नाण्यांचा खरोखर छंद लागला आहे, त्यांनी बोली लावण्यापूर्वी एक दिवस मोकळा काढून मुंबईला फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्थाही आहे. त्याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका चेहऱ्यावर दुसऱ्या राजाची खूण उमटलेली अशी नाणी प्रत्यक्ष पाहताना ठशाची धार, धातूची झीज आणि काळाचा रंग डोळ्यांत भरतो. पुढे मोबाइलवर एखादा ‘दुर्मीळ’ रुपया समोर आला, की तुलनेला तेवढे पुरते.