तरीवरची माणसं

युरोपातून परत आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, आयफेल टॉवर पाहिला का? रेवसच्या धक्क्यावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशीने मात्र वेगळंच विचारलं. "काय गो बाय, तिकरं पन तर हाय काय?"

ओहोटीची वेळ होती. भाऊच्या धक्क्याच्या लाँचला अशा वेळी इथे लागता येत नाही, गाळ आडवा येतो. करंजाची तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, पलीकडे माणसं जमेपर्यंत सुटत नाही. उघड्या पडलेल्या गाळात निवट्या उड्या मारत होत्या. मावशीच्या पाटीवर ओलं गोणपाट, खाली जिताडा, आणि तिला उरणचं गिऱ्हाईक गाठायचं होतं. मला काहीच गाठायचं नव्हतं. म्हणून सांगत बसले.

माझी युरोपची पहिली सहल बारा-तेरा वर्षांपूर्वीची. अकरा दिवस, सात देश, एक बस. वरणभात वेळेवर मिळायचा, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. शहरं मात्र काचेतून पाहिली आणि खाली उतरलो ते बहुतेक स्वच्छतागृहासाठी. घरी आल्यावर कुठला चौक ब्रसेल्सचा आणि कुठला झुरिकचा, यावरून फोटो पाहताना आमच्यात भांडणं झाली. शनिवारी मांडव्याला उतरणारी मुंबईची मंडळी जसं अलिबाग 'करून' जातात, तसं आम्ही युरोप करून आलो.

दुसरी खेप गेल्या वर्षीची. मुलगी हांबुर्गला नोकरीला आहे, तिच्याकडे दोन महिने राहिले. ती सकाळी आठला बाहेर पडायची आणि माझ्यापुढे अख्खा दिवस पसरलेला. पहिल्याच दिवशी तिने हातात पास ठेवला आणि म्हणाली, "आई, ६२ नंबरची बोट पकड. बसचाच पास चालतो तिला."

लांडुंग्सब्रुकन नावाचा धक्का आहे, तिथून ही बोट एल्ब नदीतून फिंकेनवेर्डरला जाते. सकाळी गेले तेव्हा रस्त्यावरून धक्क्यावर उतरायचा पूल जवळजवळ सपाट होता. दुपारी परत आले तर तोच पूल एवढा चढा झालेला की गुडघे कुरकुरायला लागले. आधी वाटलं, आपण भलतीकडे उतरलो. मग कठड्याला टेकून भिंतीवरची ओली रेघ पाहिली आणि हसूच आलं. ओहोटी! समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे, तरी नदीचं पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. त्यावर त्यांनी केलेला उपाय साधा आहे. धक्काच तरंगता ठेवलाय. पाणी उतरलं की धक्का उतरतो, बोट आणि धक्का कायम एका पातळीत. बाळाची गाडी ढकलत बाया चढतात, सायकली चढतात, कुत्री चढतात. लुगड्याचा ओचा धरून, निसरड्या पायरीवरून, खलाशाच्या हाताला धरून चढायची सवय असलेल्या माझ्यासारखीला ते जरा बेचवच वाटलं, पण मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने रेवसच्या पायऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

गाळ त्यांनाही चुकलेला नाही. एल्बमध्ये वर्षभर उपसा चालतो आणि काढलेला गाळ नेऊन टाकायचा कुठे, यावरून हांबुर्गचे शेजारच्या राज्यांशी वाद होतात. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

बोटीत पाऊल टाकलं की लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते मी आधी पाहते. ही सवय मी लावून घेतलेली नाही, ती घरातून आली. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. दिव्यांच्या अवसेला घरी पोचायला निघालेली माणसं होती ती. या किनाऱ्यावर ज्या घरात 'रामदास'ची गोष्ट नाही असं जुनं घर सापडणं कठीण. आमची आजी पुढे आयुष्यभर पावसात लाँचला चढली नाही. हांबुर्गच्या बोटीत माझ्याखेरीज वर-खाली कोणी पाहत नव्हतं, म्हणून मला वाटलं, यांना पाण्याची भीती ठाऊक नसावी. तो समज मुलीच्या शेजारणीने मोडला. फेब्रुवारी १९६२ च्या वादळी भरतीत त्या शहरातली ३१५ माणसं एका रात्रीत गेली. शेजारीणबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्या अजून रात्री वारा सुटला की उठून खिडकीशी जातात.

फिंकेनवेर्डर हे मूळचं कोळीवाड्यासारखंच गाव. आता तिथे एअरबसचा विमानांचा कारखाना आहे, सकाळच्या बोटीत निम्मी माणसं कामगार. डबे असतात, पेंग असते, एकमेकांना 'मॉइन' म्हणतात आणि गप्प बसतात. दिवसाच्या कुठल्याही वेळी 'मॉइन'च, त्यामुळे मला तेवढी भाषा पुरली. तिसऱ्या आठवड्यात रोज भेटणाऱ्या एका बाईने शेजारच्या बाकावरची पिशवी उचलून मला जागा केली. आयफेल टॉवरने माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं.

रविवारी पहाटे मासळीबाजार. हांबुर्गचा फिशमार्क्ट १७०३ पासून भरतो, उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू आणि साडेनवाला बंद, कारण मूळचा नियम असा की देवळात प्रार्थनेला जायच्या आत विक्री उरकायची. विक्रेते गाडीवर उभे राहून असे ओरडतात की शब्द कळला नाही तरी अर्थ कळतो. एक माणूस पिशवीत मासा टाकतो, आणखी एक टाकतो, गिऱ्हाईक हलत नाही म्हणून तिसरा टाकतो आणि भाव तोच ठेवतो. मी नुसती मान हलवली, त्याने चौथा टाकला. जर्मन माणूस घासाघीस करत नाही असं मला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

मुलीला रजा मिळाली तेव्हा आम्ही चार दिवस व्हेनिसला गेलो. त्या शहरावर जगाने इतकं लिहिलंय की मी एवढंच सांगते: गोंडोल्यात बसायला खिसा मोकळा करावा लागतो, पण त्याच जातीच्या मोठ्या होडीतून मुख्य कालवा दोन युरोत ओलांडता येतो. तिला 'त्रागेत्तो' म्हणतात. शुद्ध तर! दोन वल्हेकरी, दोन मिनिटांचा प्रवास, आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या पिशवी धरून होडीत उभ्याच राहतात. बसलेली माणसं पाहुणी, हे लांबून ओळखू येतं. मी पहिल्याच खेपेला उभी राहिले. करंजाच्या तरीने एवढं तरी शिकवलंय.

सांता सोफियाहून ही तर रिआल्तोच्या मासळीबाजाराशी सोडते. तिथे भिंतीत एक जुना दगड बसवलाय आणि त्यावर कुठला मासा किती लांबीच्या आतला विकायचा नाही ते कोरून ठेवलंय. सार्डिन ७ सेंटिमीटर, कालवं ५. त्या दगडापुढे मी चर्चपुढे थांबले त्याहून जास्त वेळ थांबले. आपल्याकडे राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे आकडे ठरवून दिले, त्याआधी बोटभर पापलेटं वाट्यावर लावलेली आपण सगळ्यांनी पाहिली, घेतली आणि खाल्ली आहेत. नियम कागदावर असला की विसरायला सोपा जातो. तो दगड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच आहे. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवसांना एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंची पट्टीही बसवली. मावशीला ही गोष्ट दगडापेक्षा जास्त आवडली. मांडव्याला कोणी बसावं पैसे गोळा करायला, इथपर्यंत तिचं ठरलं.

अॅमस्टरडॅमला एकच दिवस मिळाला. स्टेशनच्या मागच्या बाजूला गेलात तर समोरच्या काठाला नेणारी बोट असते, ती फुकट. तिकीट विचारायला कोणी येईना, म्हणून मी पर्स उघडून उभी आणि सायकलवाले माझ्याभोवतून निघून गेले. पाण्याला भरती-ओहोटी नाही, सगळं दारं लावून अडवलेलं. पाणी असं दिवसभर एका जागी उभं पाहिलं की मला चुकल्यासारखं होतं.

लिस्बनचं तसं नाही. तेजू नदीला भरती येते, खारा वास येतो. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं दहाएक मिनिटांत पलीकडे कासील्याशला पोचतात. तिथे उतरून आम्ही रेंगाळत होतो, एका लोखंडी सामानाच्या दुकानात शिरलो. मुलीच्या बॅगेचं कुलूप मोडलं होतं. दुकानदार म्हातारबाबा, इंग्रजी बेताचंच. त्यांनी किल्ली दाखवून म्हटलं, "शाव्ह." मी म्हटलं, "चावी." ते थबकले. बाजूची बादली उचलून म्हणाले, "बाल्द." मी म्हटलं, "बालदी." मग खेळच सुरू झाला. फीत, घमेलं, बटाटा. मी हाताने हातोडा आपटून लिलाव करून दाखवला, तर त्यांचा शब्द निघाला 'लैलांव'. आपल्या मासळीच्या लिलावाचं नाव पार तिथून आलंय आणि आपण ते रोज पहाटे ओरडतो! पोर्तुगीज चौल-रेवदंड्यातून १७४० ला गेले, पण कोर्लईच्या किल्ल्याखाली त्यांच्या भाषेतून निघालेली बोली घराघरांत अजून बोलली जाते. बाबांना ते मोबाइलच्या नकाशावर दाखवलं. त्यांनी कुलुपाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

परतल्यावर डिसेंबरात त्या शेजारीणबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी मुद्दाम त्यांना किल्ला, किनारा काही दाखवलं नाही, आधी तरीवर बसवलं. सगळी तर त्यांच्याकडे बघत होती. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, तेव्हा गोऱ्या माणसाला पाहायला गर्दी मागोमाग यायची, असं त्याने लिहून ठेवलंय. तरीवर फरक एवढाच की पलीकडे पोचेपर्यंत बाईंना मुलं किती, नवरा काय करायचा, गुडघ्याला काय लावतात, हे सगळं विचारून झालं. दुभाषी मी.

येताना सासवण्याला करमरकरांच्या शिल्पालयात नेलं. विनायक पांडुरंग करमरकर याच गावचे. १९२० मध्ये ते विलायतेला गेले, लंडनला शिकले, युरोपातली शिल्पं हिंडून पाहिली. पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. इतकं मोठं काम केलेल्या माणसाने आपल्या अंगणात मांडली ती म्हैस. युरोपात देवदेवतांचे आणि सेनापतींचे संगमरवर पाहून आलेल्या हातांनी सिमेंटमध्ये घडवलेली, खरी वाटावी अशी. शिल्पालयात कोळ्याची पोरही आहे. बाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या आजीकडे, फिंकेनवेर्डरजवळ, गाई होत्या म्हणे.

हे सगळं ऐकताना मावशीचं अर्धं लक्ष पाण्याकडे होतं. भरती लागली होती, निवट्या बिळांत गेल्या. खाडीवर पूल होणार, त्याचं काम हाती घेतलंय. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस-रेड्डी रस्त्याचं आणि या पुलाचं नाव कानावर आहे, आता पेणचा वळसा वाचणार. मी पुलाच्या बाजूची आहे. रात्रीअपरात्री आजारी माणूस घेऊन धक्क्यावर बसलेल्याला विचारा.

"पूल झाला का तर बंद," मावशी म्हणाली. "यष्टीत पाटी घेतान काय?"

मी तिला लिस्बनचं सांगितलं. तेजूवरचा मोठा पूल १९६६ ला झाला. गाड्या त्यावरून जातात, पुढे त्याच्यावर आगगाडीही आली, आणि खाली बोट अजून चालते, भरून चालते.

"भारं कवरं?"

"दीडेक युरो."

"चालवतंय कोन? सरकार?"

"हो, सरकारी कंपनी आहे."

"मंग," मावशी म्हणाली आणि गोणपाट नीट करू लागली. करंजाहून तर सुटलेली दिसत होती. पाटीची एक कड तिने न विचारता माझ्या हातात दिली.