पाटा वाढवण्याआधी टेप लावा

जुनी जीप गॅरेजमध्ये येते तेव्हा मालकाची तक्रार बहुधा एका वाक्यात संपते: गाडी फार आदळते. आपले उत्तरही ठरलेले असते. शॉकअप बदलू, पाटे ठोकून घेऊ, वाटलेच तर एक पाटा वाढवू. काम होते, गाडी दोन बोटे उंच दिसू लागते, मालक खूश होतो. मग तो पहिल्या कच्च्या रस्त्याला लागतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त आदळते. आमचे स्पष्ट मत आहे की जुन्या फोर बाय फोरच्या दणक्याचे कारण बहुतेक वेळा पाट्यांची कमजोरी हे नसते. पाटे हलायचे थांबलेले असतात. न हलणाऱ्या कमानीत आणखी एक पाटा घातला, की दुखणे पक्के होते.

या गाड्यांचे पूर्वायुष्य आठवून पाहा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि तिथून सीजे-३बी ते एमएम ५४० पर्यंत चारही चाकांवर पाट्यांची कमान हीच रचना चालत आली. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही चारही टोकांना पाट्यांचीच. यांतल्या कित्येक जीपा साताऱ्या-सांगलीकडे वडाप म्हणून राबल्या. मागे समोरासमोर बाकडी, टपावर पोती, पायरीवर दोघे-तिघे. एवढे ओझे पेलायचे म्हणून त्या काळी कुणीतरी मागच्या कमानीत जाड पाटा चढवला, आणि त्या कामासाठी तो बरोबरच होता. आज तीच जीप पुण्या-नाशिकच्या हौशी माणसाने घेतली आहे. शनिवारी तो आणि त्याचा मित्र असे दोघेच बसून भंडारदऱ्याला जातात. बारा माणसांच्या ओझ्यासाठी बांधलेली कमान दोन माणसांखाली वाकणार कशी?

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपांचे पुढच्या बाजूला हेच झाले. लोखंडी इंजिनाचे वजन आले म्हणून पाटा वाढला, पुढे बंपरावर विंच आला म्हणून आणखी एक वाढला, नंतर विंच निघाला आणि पाटा राहिला. म्हणून गाडी आली की आधी कमानीतले पाटे मोजा आणि प्रत्येकाची जाडी कॅलिपरने पाहा. एखादा वेगळ्या जाडीचा निघाला, तर तो कंपनीचा नाही हे बहुधा तिथेच कळते.

जाडीवर आमचा इतका भर का, ते सांगतो. कमानीचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येबरोबर सरळ वाढतो, पण जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या सात पाट्यांच्या कमानीत तसाच आठवा पाटा घातला, तर ढोबळ हिशेबाने ताठरपणा सुमारे चौदा टक्के वाढतो. तोच पाटा आठ मिलिमीटरचा असेल तर चौतीस टक्के. हातात घेतल्यावर दोन मिलिमीटरचा फरक जाणवतही नाही, पण पाठीला तो जाणवतो. लांबीचे गणित याच्या उलट चालते. कमान दहा टक्के लांब असेल, तर ती साधारण पाव हिश्शाने मऊ होते. त्यामुळे लांब पाट्यांसाठी चॅसीवरचे हँगर सरकवून वेल्डिंग करण्याचा मोह अनेकांना होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतील फेरफारांविषयीच्या कलम ५२ चा अर्थ कडक लावला आहे, हे त्या वेळी ध्यानात असू द्या. मूळ रचना मूळ स्थितीत आणण्याला मात्र कुणाचीच हरकत नसते, आणि आमचा आग्रहही तेवढाच आहे.

आता मुख्य रोगाकडे येऊ. कमानीचे पाटे एकमेकांवर घसरले तरच कमान वाकते. कोकणातले चार पावसाळे आणि मधल्या उन्हाळ्यांची धूळ खाल्लेल्या कमानीत पाट्यांच्या मध्ये गंज आणि मातीचा थर जमून बसतो. मग छोट्या खळग्याचा जोर त्या घर्षणावर मात करू शकत नाही. कमान अख्ख्या लोखंडी तुळईसारखी ताठ राहते आणि गाडी नुसत्या टायरवर उसळते. खड्डा मोठा आला, की मात्र कमान एकदम सुटते. मालक सांगतो ना, ‘मोठ्या खड्ड्यात एवढं वाटत नाही, पण बारीक खडीवर हाडं खिळखिळी होतात’? ते ऐकले की अर्धे निदान झाले. नुसत्या टायरवर उसळणारी जीप सेकंदाला साधारण तीन-चार वेळा वरखाली होते. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवे असते ते सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या पट्ट्यात. गंजलेली कमान माणसाला नेमके त्या पट्ट्याच्या तोंडाशी नेऊन बसवते.

हे मोजता येते, आणि त्यासाठी टेपखेरीज काही लागत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही कोपरे जोरात दाबून हेलकावे द्या, म्हणजे अडकलेली कमान आपल्या जागी येईल. चॅसीपासून हाउसिंगपर्यंतचे अंतर घ्या. शॉकअपचे खालचे टोक सोडा. चॅसी उचला, हाउसिंगचे स्वतःचे वजन जेमतेम जॅकवर घ्या, आणि शॅकल हाताने सैल हलू लागली की तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीच्या वजनाने कमान किती बसली ते. त्या सेंटिमीटरच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याने पाचाला भागा, म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते मिळते. कमान नऊ सेंटिमीटर बसत असेल तर सुमारे पावणेदोन हेलकावे. असल्या गाडीला ते सुखाचेच म्हणायला हवे. चारच सेंटिमीटर बसत असेल तर अडीच, म्हणजे गाडी दणके देणारच. बसण्याचा आकडा तीन सेंटिमीटरच्याही खाली आला तर पाटा वाढवण्याचा विषयच तिथे संपतो, काढण्याचा सुरू होतो.

काढताना एक पथ्य पाळा. मेन पाटा आणि त्याच्या खालचा, ज्याची टोके मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळलेली असतात तो, या दोघांना हात लावायचा नाही. मेन पाटा वाटेत तुटला, तर एक्सल जागेवर धरून ठेवणारा तो दुसराच असतो. मधला जाड, नंतर घातलेला पाटा काढा. उरलेले पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने चकाचक करा आणि एकेकाला चीर आहे का ते उजेडात पाहा. कमानीवर भार येतो तेव्हा पाट्याच्या वरच्या, म्हणजे खोलगट अंगाला ताण बसतो. चीर तिथे शोधा. पाट्यांची टोके खालच्या पाट्यात रुतून खाच पडली असेल तर टोकाची धार ग्राइंडरने गोल करा. मध्ये ग्रीस भरायचे की नाही यावर आपल्या लोकांत दोन तट आहेत. आमच्या मते धुळीच्या मुलखात उघडे ग्रीस चिखल गोळा करते आणि काही महिन्यांत त्याचा रंधा होतो. ग्राफाइटचा कोरडा थर, किंवा टोकांखाली कठीण प्लॅस्टिकची पट्टी, हे जास्त टिकते.

पाटे ठोकून घेण्याबद्दल आम्हाला खरोखर कळकळीने बोलायचे आहे. कमान बसली म्हणून पाटे गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवायचे आणि हवेत थंड व्हायला टाकायचे, हा प्रकार अजून सर्रास चालतो. स्प्रिंगच्या पोलादाचा कस तेलात विझवून पुन्हा ठरावीक तापमानाला तापवण्यात असतो. ज्योतीने लाल केलेल्या जागी तो कस जातो. पाटा तिथे मऊ पडतो आणि एक तर पुन्हा बसतो, नाहीतर तिथेच मोडतो. थंड पाटा ठोकला तरी हातोड्याच्या खोल वणांतून चिरा निघू शकतात. शिवाय जास्त बाक दिलेल्या कमानीची दोन्ही टोके जवळ येतात, शॅकल भलत्या बाजूला कलते, आणि कमान दबताना लांब व्हायला जागाच उरत नाही. शॅकल चॅसीला टेकून बसलेली असेल तर तुम्ही जगातला सर्वांत मऊ पाटा आणून बसवा, गाडी आदळणारच. खरोखर बसलेली कमान बदलून नवीच घ्यावी. पण ती बसली आहे हे मोजून ठरवा. हाउसिंग आणि चॅसीखालच्या रबरात बोटभरही फट नसेल, तर गाडी त्या रबरावरच चालते आहे आणि दणका तिथून येतो. कमान बसली तरी गाडी आदळते आणि ताठरली तरी आदळते. मालकाला दोन्ही सारखेच वाटते. फरक ओळखणे आपले काम आहे.

बुशांकडे फार कमी लक्ष जाते. रबरी बुश शॅकलच्या पिनवर फिरत नाहीत, ते पिळले जातात. गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच शॅकलचे नट आवळले, तर गाडी खाली ठेवल्याक्षणी सगळे बुश पिळून बसतात. ते कमानीला अडवतात आणि लवकर फाटतात. चाके जमिनीवर टेकवा, गाडी हलवा आणि मगच नट आवळा. एवढ्या एका सवयीने किती तक्रारी थांबतील! जुन्या विलीजच्या यू आकाराच्या शॅकल आट्यांच्या बुशांत फिरतात. त्यांना रबर नसते, त्यांना ग्रीस लागते, आणि त्यांतल्या काहींचे आटे उलटे असतात. आडदांडपणे पाना फिरवणाऱ्या पोराला ते आधी दाखवून द्या. यू-बोल्ट मात्र नेहमी नवे घ्या, ठरल्या जोराने आवळा, आणि काहीशे किलोमीटरनंतर गाडी बोलावून पुन्हा आवळा. यू-बोल्ट सैल राहिला की सेंटर बोल्ट तुटतो.

शॉकअप आम्ही मुद्दाम शेवटी घेतले. बाजारात ‘हेवी ड्यूटी’ म्हणून मिळणारे बहुतेक शॉकअप वजनदार गाड्यांना साजेसे असतात. हलक्या जीपला ते खडीवर नुसते ताठ धरून ठेवतात. कमान उंच झाली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा राहिला, तर चाक खाली जाताना तो शेवटपर्यंत ताणला जाऊन ठोका देतो. तो ठोका ऐकून पाटे बदललेल्या गाड्याही आपल्याकडे येतात. टायरच्या हवेचेही तसेच. टायरवाल्याने सवयीने चाळीस पौंड भरली असेल, तर बाकी कशालाही हात लावण्याआधी ती कंपनीच्या आकड्यावर आणा आणि गाडी चालवून बघा.

एक जुना अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३२ च्या सुमारास एका मोठ्या मोटारीवर हलती वजने बसवून प्रयोग केले. पुढची कमान मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडीचे पुढे-मागे डुलणे लवकर शमते, हे त्यातून समोर आले. खळगा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू जरा जलद हेलकावली तर पुढचीला गाठते आणि दोन्ही एका लयीत येतात. सीजे-३बीच्या दोन चाकांमधले अंतर ऐंशी इंच, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला मागचे चाक पुढच्यामागून ०.१८ सेकंदात त्याच खळग्यावर येते. इतक्या आखूड गाडीला डुलणे जन्मजातच आहे. पुढे जाड पाटे चढवून आपण ते वाढवतो. त्यामुळे वर सांगितलेले माप पुढचे आणि मागचे वेगवेगळे काढा, आणि पुढचा हेलकावा मागच्यापेक्षा संथ येतो का ते पाहा.

कमान मोकळी झाली की गाडीचा स्वभाव बदलतो, हे मालकाला आधी सांगावे लागेल. वळणावर ती जास्त झुकेल. चाक जास्त खाली-वर होईल, तेव्हा ब्रेकचा रबरी पाइप आणि प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा पुरतो आहे ना ते पूर्ण लोंबकळत्या स्थितीत तपासा. ताठ कमानीने झाकून ठेवलेली टायरॉडची ढिलाईही आता उघडी पडेल. ती आपल्या कामाने झाली नाही, पण दुरुस्त आपणच करायची आहे.

या सगळ्याला अख्खा दिवस जातो आणि सुटे भाग मात्र थोडेच लागतात. तिथेच आपला धंदा अडतो. शॉकअपच्या जोडीवर नफा आहे, तारेच्या ब्रशवर नाही. म्हणून सुट्या भागांच्या आडून मजुरी काढण्याची जुनी सवय सोडून बिलात ‘मोजणी व कमान मोकळी करणे’ अशी स्वतंत्र ओळ लिहा आणि तिचे पूर्ण पैसे घ्या. आधीचे आणि नंतरचे माप त्या ओळीखालीच लिहिले, तर मालक ते पैसे देतो. आपण काय केले ते त्याला कागदावर दिसते.

वाचकांकडे एक मागणी आहे. गाडीचे मॉडेल, कमानीतले पाटे व त्यांची जाडी, पुढे-मागे कमान किती बसते ते सेंटिमीटरमध्ये, टायरचे माप व हवा, आणि काम झाल्यावरचे हेच आकडे, असे लिहून आमच्याकडे पाठवा. जिप्सी, सीजे, एमएम ५४०, मेजर, कुठलीही गाडी चालेल. पुरेसे आकडे जमले की गाडीवार तक्ता छापू, म्हणजे कुडाळच्या गॅरेजवाल्याला जळगावच्या गॅरेजवाल्याचे माप समोर ठेवून काम करता येईल.