हौजातले मासे आणि आपली सफाई

शाबान महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रमजान तोंडावर आला की नंदुरबारमधल्या आमच्या मोहल्ल्यात मशिदीची सफाई निघते. रंगरंगोटी, चटया धुणे, पंखे पुसणे आणि शेवटी हौज. आम्ही आठ-दहा जणांनी मोटर लावून हौज पूर्ण उपसला. भिंतींवरचे शेवाळ ब्रशने घासले, तळाचा गाळ बादल्यांनी बाहेर काढला, टीसीएल पावडर मारली आणि नळाच्या पाण्याने हौज काठोकाठ भरला. तोवर मासे दोन टपांत ठेवले होते, ते संध्याकाळी परत सोडले. पाणी इतके नितळ की तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी फजरला गेलो तर पाच मासे उलटे तरंगत होते. तीन दिवसांत एकही उरला नाही. त्यातले दोन गोल्डफिश माझ्या मुलीचे. उरुसाच्या जत्रेतून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेले, घरच्या काचेच्या बाऊलमध्ये गुदमरायला लागले म्हणून हौजात सोडलेले. चार वर्षे ती त्यांना बघायला यायची. तिने एवढेच विचारले, "अब्बा, पाणी तर साफ केलं होतं ना?"

मला उत्तर देता आले नाही. मशिदीत मात्र उत्तरे तयार होती. कोणी म्हणाले, आपल्या गावचे पाणी माशांना मानवत नाही. कोणी म्हणाले, अल्लाहची मर्जी. आता तर असाही विचार चालू आहे की हौज बुजवून टाकावा आणि नळ बसवावेत. म्हणूनच हे लिहितो आहे. माझे मत स्पष्ट आहे. मासे गावच्या पाण्याने मेले नाहीत, आमच्या सफाईने मेले. आपल्या अज्ञानाला अल्लाहची मर्जी म्हणणे बरोबर नाही.

नंतर वाचून, विचारून जे कळले ते असे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो त्याच्यासाठी विष आहे. हौजाच्या भिंतींवर, गाळात, फिल्टरच्या स्पंजवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती एका दुपारी घासून टाकली. वर टीसीएलमधल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणू मारले आणि माशांचे कल्ले भाजले. ज्याला आम्ही घाण समजलो, तोच त्या पाण्याचा सफाई कामगार होता.

आपल्या जुन्या लोकांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण मोठ्या पाण्याचे शहाणपण ठाऊक होते. हनफी फिकहमध्ये दहा हात लांब, दहा हात रुंद हौजाला वाहत्या पाण्याचा हुकूम लागतो. मासेपालनाचा पहिला नियमही हाच आहे, की पाणी जास्त तर बिघाड हळू. मुंबईची जुमा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली, ती झऱ्यांच्या जुन्या तलावावर उभी आहे. त्या तलावातल्या सोनेरी-रुपेरी माशांची आणि कासवांची नोंद इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या हौजातले मासे तर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असतील. मशिदीच्या हौजात मासे ही काही नवी हौस नाही.

आता घरच्या बाऊलविषयी. जत्रेत, वाढदिवसाला, दुकानाच्या काउंटरवर पाच लिटरच्या गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवलेला दिसतो. हा चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला, गोड्या व थंड पाण्यातला मासा आहे. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि तळ्यात फूटभर वाढतो. "भांड्याएवढाच वाढतो" हे खरे नाही. खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि मग तो मरतो. दोन माशांसाठी निदान शंभर लिटरची टाकी, फिल्टर आणि हवेचा पंप हवा. तेवढी जागा आणि पैसे नसतील तर घेऊ नये. मुलाचा हट्ट पुरवण्याचे दुसरे शंभर मार्ग आहेत.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे ऊन. नंदुरबारचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच वापरते, त्यामुळे सर्वांत बिकट वेळ पहाटेची. फजरला वजू करताना मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते तुम्हाला सलाम करत नाहीत, त्यांचा जीव गुदमरतो आहे. हौजावर हिरवी नेट बांधा आणि छोटा कारंजा किंवा पंप चालू ठेवा.

बाकी गोष्टी साध्या आहेत. पाणी पूर्ण बदलू नका, एका वेळी चौथा हिस्सा बदला. नळाचे पाणी उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हात ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे औषध, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. गोल्डफिशला जठर नसते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. सवाबच्या भावनेने जो तो पाव आणि मुरमुरे टाकतो, ते तळाशी कुजते आणि पुन्हा अमोनियाच होतो. चूळ हौजात नको, बाहेरच्या नालीत. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टपात ठेवून मगच सोडा. नको झालेला मासा तापीत किंवा नाल्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्याचा त्रास होतो.

दीन यात काय सांगतो? एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिले नाही, सोडलेही नाही, आणि त्यासाठी तिला अजाब झाला, ही हदीस आपण मिंबरवरून ऐकतो. काचेत कोंडलेल्या माशाला ती लागू होत नाही का? दुसरीकडे, अबू उमैर या लहान मुलाची पाळलेली चिमणी मेली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्याची विचारपूस करत होते. म्हणजे पाळायला मनाई नाही, पण पाळलेला जीव अमानत आहे. आणि मुलाचे दुःख क्षुल्लक नाही.

हौज बुजवू नका, एवढी विनंती आहे. विरचक धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात हजारो लिटर पाणी एका दिवसात गटारात सोडणे हा इस्राफ आहे, हेही लक्षात घ्या. पुढच्या शाबानमध्ये हौज उपसायचा नाही. थोडे-थोडे पाणी काढायचे, ते झाडांना घालायचे, भिंतीचे निम्मे शेवाळ राहू द्यायचे. हे मी कमिटीला सांगितले आहे, अजून होकार आलेला नाही. मुलीला मात्र मी उत्तर दिले. "साफ केलं होतं बेटा, पण माशांना विचारून नव्हतं केलं."