पाळीतला गोड चहा आणि दमणारं स्वादुपिंड: जास्त साखर शरीरात काय करते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. दिवसपाळी असो वा रातपाळी, तरतरीसाठी गोड चहा हवाच. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितलं. सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. पण कारखान्याबाहेरच्या टपरीवर फलक कोण लावणार?

हिशेब काय सांगतो?
एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत ६० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी. २५ च्या आत असेल तर उत्तम. मध यातच मोजतात. गूळ घातला म्हणून सुटका नाही.

स्वादुपिंडात काय होतं?
साखर रक्तात पोहोचली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. ते ग्लुकोजला स्नायू आणि चरबीच्या पेशींत शिरायला मदत करतं. रोजची जादा साखर वजन आणि यकृतातली चरबी वाढवते, मग पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड आणखी इन्शुलिन तयार करतं. काही वर्षं हे निभावतं. बीटा पेशी थकल्या की रक्तातली साखर चढू लागते.

मग दोष फक्त चहाचा?
नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर, भाताचं प्रमाण, अपुरी झोप हे सगळं जोडीला असतं. रात्री शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता कमी असते, त्यामुळे रातपाळीतला गोड चहा जास्त महागात पडतो.

कळणार कसं?
सुरुवातीला बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करतात. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. चहा सोडायची गरज नाही. सुरुवात प्रत्येक कपातला एक चमचा कमी करून करता येते. सहा कपांमागे ३० ग्रॅम साखर तिथेच वाचते.