चकाकी विका, पण काय विकतो ते सांगा

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी मोटारी वाढल्या, तशी गाडी धुणे, डेंटिंग-पेंटिंग आणि पॉलिशची कामेही वाढली. या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर पूर्वीपासून आहेत. हातात कसब आहे, मेहनतीची तयारी आहे. परंतु गाडी चमकविण्याच्या तीन वेगळ्या कामांना आपण सरसकट ‘पॉलिश’ म्हणतो आणि त्याच नावाने पैसे घेतो. यात आधी गिऱ्हाइकाचे नुकसान होते, नंतर आपले.

खरे पॉलिश म्हणजे घासणे. त्यातील बारीक कण रंगाचा वरचा थर झिजवून सपाट करतात. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या भोवतालचा थर कमी होतो. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकर असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रोन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. जुन्या अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीला घासले की फडक्याला रंग लागे आणि कारागीर सावध होई. लॅकर झिजते तेव्हा फडक्यावर रंग दिसत नाही. म्हणून काही झिजलेच नाही, असे समजू नये. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने काढण्याच्या नादी तर लागूच नये.

ग्लेझ ही दुसरी वस्तू. त्यातील तेलकट भराव बारीक ओरखड्यांत बसतो आणि गाडी आरशासारखी दिसते. चार-दोन वेळा धुतली की भराव निघून जातो व ओरखडे पुन्हा दिसू लागतात.

तिसरे वॅक्स, म्हणजे मेण. ते ओरखडे काढत नाही, रंगाचे रक्षण करते. नामांकित कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते व सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेववत नाही. अशा ठिकाणी हे मेण काही आठवडेच टिकते आणि पुन्हा लावावे लागते. काम मात्र सावलीत, पत्रा थंड झाल्यावर करावे.

आमचे मत असे की, आपल्या भागातील बहुतेक गाड्यांना वारंवार पॉलिशची गरजच नसते. रस्त्याची धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यामुळेच बरेचसे ओरखडे पडतात. भरपूर पाण्याने धुणे, बोअरचे क्षारयुक्त पाणी अंगावर वाळू न देणे आणि वरून मेण, एवढ्याने काम भागते. एका पॉलिशचे पैसे अधिक मिळतात हे खरे. पण दर दोन महिन्यांनी मेणासाठी परत येणारे गिऱ्हाईक हीच धंद्याची खरी पुंजी आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न जुन्या गाड्यांच्या विक्रीचा. एजंट म्हणतो, “उद्या गिऱ्हाईक येणार आहे, गाडी चकाचक करून द्या.” ग्लेझ मारले की काम होते. लग्नाच्या गाडीला ग्लेझ लावण्यात काहीच गैर नाही, मालकाला ते माहीत असते. परंतु खरेदीदारापासून दोष लपविण्यासाठी ते लावले, तर ती फसवणूक होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ग्लेझखालचे ओरखडे आणि कोरड्या दाण्यांखालचे ओले धान्य, यांत फरक तो काय?

काही कारागीर म्हणतील, “गाडी विकणारा दुसरा, आम्ही फक्त मजुरी घेतो.” पण काम कशासाठी आहे हे ठाऊक असताना केलेली मजुरी निर्दोष कशी राहील?

उपाय सोपा आहे. दुकानात तिन्ही कामांचे दर वेगवेगळे लिहा, बिलावर कोणते काम केले ते नोंदवा आणि ग्लेझ किती दिवस टिकेल ते तोंडाने सांगा. एखादे काम हातचे जाईल. परंतु छोट्या गावात सचोटीची बातमी लवकर पसरते आणि हलाल रोजीतच बरकत असते.